थंडीतले गाडीचे झटके आणि माझी हिशेबाची वही



गेल्या महिन्यात स्वाध्याय संपल्यावर तिघी जणींनी मला एकच गोष्ट विचारली. "ताई, थंडी पडल्यापासून गाडी सकाळी झटके देते. दुपारी चांगली चालते. काही मोठं बिघडलं असेल का?" तिघींकडेही ऑटोमॅटिक गाडी आहे. दोघींनी गुडघ्यांमुळे घेतली आणि एकीची सुनेची आहे. घरच्या पुरुषांनी तिघींनाही उत्तर दिलं होतं, "ऑटोमॅटिकला असंच असतं." हे उत्तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं मला कसं सापडलं, ते आज लिहिते. एरवी मी पापड, पर्व आणि पाठशाळेवर लिहिते, पण गाडीही आता आपल्या घरातलीच झाली आहे.

आमचं घर नांदेडला, माझं माहेर लातूरचं. आई ८८ वर्षांची आहे, भावाकडे असते. दर पंधरा दिवसांनी मी तिला भेटायला जाते. ह्यांना काचबिंदू झाल्यापासून दोन वर्षं ते गाडी चालवत नाहीत. माझा डावा गुडघा क्लच दाबू देत नव्हता, म्हणून आम्ही क्लच नसलेली छोटी गाडी घेतली. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर साधारण १४० किलोमीटर पडतं. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवायचं, तर सकाळी सातला निघावंच लागतं आणि गाडीला सगळ्यात जड जाणारी वेळ तीच असते.

मागच्या डिसेंबरात झटके सुरू झाले. पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी क्षणभर थबकायची आणि मग पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जायची. मुलाने पुण्याहून फोनवरच निकाल दिला, "आई, आता तू चालवणं बंद कर, ड्रायव्हर लाव." दर पंधरवड्याला ड्रायव्हर लावणं आम्हाला परवडणारं नाही. म्हणजे आईकडे जाणं महिन्यातून एकदा, मग सणावारी. या वयात आईची किती भेट उरली आहे, हे मोजायला कॉमर्स शिकावं लागत नाही. म्हणून गाडीचं नेमकं दुखणं शोधायचंच, असं मी ठरवलं.

आधी थंडीचं बघू. आपल्या स्वयंपाकघरात हे रोज दिसतं. उन्हाळ्यात तूप पातळ असतं, पौषात चमचा उभा राहतो. काकवीची बरणी थंडीत वाकडी केली तर धार पडायला वेळ लागतो. गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल तुपासारखं गोठत नाही, पण काकवीसारखं घट्ट होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हे तेल नुसतं वंगण नसतं, ते हाताचं कामही करतं. तेलाच्या दाबाने आतले क्लच दाबले जातात आणि गिअर बदलतो. तेल घट्ट असेल तर दाब उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेला क्लच हळुवार न धरता एकदम धरतो. आपल्याला जाणवतो तो झटका हाच.

दुसरं कारण इंजिनाचं. थंड इंजिन सुरू केलं की गाडीचा कॉम्प्युटर ते मुद्दाम थोडं जास्त वेगाने फिरवतो, म्हणजे ते लवकर तापावं. आरपीएमचा काटा वर असतानाच कांडी डीवर टाकली, तर धप्प असा धक्का बसतो. अर्धा-एक मिनिट थांबलं की काटा आपोआप खाली येतो. पहिल्या काही किलोमीटरांत कॉम्प्युटर खालचा गिअरही जास्त वेळ धरून ठेवतो. तो बिघाड नसतो, तशीच योजना असते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या आतून सारख्या नसतात. माझ्या भावाकडे मोठी गाडी आहे. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं टॉर्क कन्व्हर्टर असतं. समोरासमोर दोन पंखे ठेवून एकाच्या वाऱ्याने दुसरा फिरावा, तसं तिथे तेलाने फिरतं. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी 'हायड्रा-मॅटिक' नावाचा आपोआप बदलणारा गिअर आणला, तेव्हापासून हा प्रकार घरोघर पोचायला लागला. त्यातही इंजिनाची शक्ती तेलातूनच जायची. आपल्याकडे सामान्य घरात ऑटोमॅटिक आली ती मात्र बरीच उशिरा. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी आणली आणि मग बाकीच्या कंपन्यांच्या छोट्या गाड्यांतही ती आली. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच. फक्त पाय आणि हाताच्या जागी यंत्र काम करतं. त्या यंत्राला ॲक्च्युएटर म्हणतात. बऱ्याच गाड्यांत त्याची स्वतःची तेलाची छोटी टाकी आणि पंप असतो. सकाळी चालकाचं दार उघडल्यावर 'घूं' असा आवाज येतो ना, तो हाच पंप दाब भरत असतो. आपण पायाने क्लच दाबतो तेव्हा गाडीची ओढ क्षणभर सुटते, तशी एएमटीतही सुटते. त्यामुळे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थोडं डोकं पुढे-मागे होणं हा तिचा स्वभावच आहे. थंडीत ते जास्त जाणवतं. तिसरा प्रकार सीव्हीटीचा. त्यात गिअरच्या पायऱ्या नसतात, पट्टा आणि चाकं असतात, म्हणून थंडीत झटक्याऐवजी इंजिनाचा आवाज चढतो किंवा गाडी जराशी थरथरते.

म्हणून मैत्रिणींनो, आपली गाडी यातली कुठली, हे आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या. तिघींचं तेल वेगळं असतं. एकीचं तेल दुसरीत घातलं तर गिअरबॉक्स कायमचा जाऊ शकतो. भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालता येतो, इथे तशी सोय नाही.

तेलावरून एक गोष्ट सांगते, ती वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. अमेरिकेत कितीतरी वर्षं ऑटोमॅटिक गिअरच्या तेलात देवमाशाचं तेल मिसळायचे. स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाचं. कशासाठी? तर गिअर बदलताना झटका बसू नये म्हणून! ते तेल उष्णता सोसायचं आणि क्लचला हळुवार धरू द्यायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे देवमाशाच्या तेलावर बंदी आली. सुरुवातीचे पर्याय तितके चांगले निघाले नाहीत, गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. मग रसायनशास्त्रज्ञांनी दुसरे मार्ग शोधले. जोजोबा नावाच्या झुडपाच्या बियांच्या तेलाकडेही लोकांचं लक्ष गेलं, कारण ते गुणाने देवमाशाच्या तेलाच्या जवळचं होतं. आपल्या राजस्थानात आज या जोजोबाची लागवड होते. पुढे खनिज तेलात आणि कृत्रिम तेलात घालायची वेगळी रसायनं तयार झाली आणि काम भागलं. एवढ्या मोठ्या पंचेंद्रिय जिवाशिवाय गाडीचा गिअर बदलणारच नाही, असं पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिकलेसवरलेले लोक धरून चालले होते. बंदी आली, थोडा काळ झटके सोसले आणि पर्याय निघाला. रेशीम, मोती, कस्तुरी यांबद्दल आपण पाठशाळेत मुलांना सांगतो, त्यात ही गोष्टही सांगायला हरकत नाही.

आता माझ्या वहीची गोष्ट.

मी लातूरच्या दयानंद कॉलेजातून बी.कॉम. केलं. नोकरी केली नाही, पण घरचा रोजमेळ आजतागायत लिहिते. झटके सुरू झाले तेव्हा आम्ही गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथले गृहस्थ सगळं ह्यांच्याशीच बोलले. गाडी मी चालवते, हे ह्यांनी दोनदा सांगूनही. "काका, थंडीत असंच होतं. फारच त्रास असेल तर अख्खं युनिट बदलावं लागेल, पन्नास हजारांच्या वर जाईल." एकीकडे काहीच झालेलं नाही आणि दुसरीकडे पन्नास हजार! मधली नोंद कुठेच नाही. ताळेबंदात असं कुणी लिहून आणलं असतं तर आमच्या सरांनी वही परत फेकली असती.

मग मी घरी येऊन एक पान आखलं. तारीख, वेळ, मोबाइलवर दिसणारं तापमान, झटका कितव्या गिअरला, किती किलोमीटरनंतर थांबला, आणि शेवटचा रकाना, 'दुपारी आहे का?'. हा शेवटचा रकानाच पुढे कामाला आला. आपल्या मराठवाड्याची थंडी सकाळची असते. गोदाकाठच्या नांदेडला आणि बालाघाटच्या पठारावरच्या लातूरला पौषात पहाटे पारा दहा-अकरावर येतो. परभणीला तर काही हिवाळ्यांत तो पाचाच्याही खाली गेलेला आहे. पण आकाश निरभ्र असल्यामुळे दुपारी दोनला तीस अंश ऊन असतं. माझी भाची कॅनडात विनिपेगला आहे. तिच्याकडे रात्री गाडीच्या इंजिनाची पिन विजेच्या खटक्याला लावून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. तिला थंडीचा झटका कोणता आणि बिघाडाचा कोणता हे कळायला मार्च-एप्रिल उजाडावा लागतो. आपल्याला ते त्याच दिवशी दुपारी कळतं. एकच गाडी, एकच रस्ता, सकाळी दहा अंश आणि दुपारी तीस. झटका सकाळी असला आणि दुपारी नसला तर तो थंडीचा. दुपारीही असला तर थंडीला दोष देण्यात अर्थ नाही, आत काहीतरी आहे.

डिसेंबरभर माझ्या वहीत एकसारख्या नोंदी होत्या. "११ अंश, पहिला ते दुसरा, ३ किलोमीटरनंतर थांबला, दुपारी नाही." जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र बदललं. सकाळचा झटका लोह्यापर्यंत गेला, म्हणजे तीसेक किलोमीटर. परतताना भावाच्या दारातून दुपारी दोनला निघाले, तेव्हा ३० अंशातही झटका होताच. शिवाय दार उघडल्यावरचा तो 'घूं' आवाज आधीपेक्षा लांबला होता. शेवटच्या रकान्यात मी पहिल्यांदा 'आहे' लिहिलं.

ती वही घेऊन मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. तरुण मुलगा होता. त्याने आधी वही वाचली आणि मग मलाच विचारलं, "मावशी, पंपाचा आवाज लांबलाय हे नक्की?" मी म्हटलं, मोजलंय. त्याने बोनेट उघडून ॲक्च्युएटरची छोटी टाकी दाखवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. एका जोडापाशी बारीक पाझर होता, बोट लावलं तर ओलं लागत होतं. त्याने सील बदललं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच तेल भरलं आणि लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला क्लच नेमका कुठे धरतो ते पुन्हा शिकवलं. क्लच झिजत जातो तशी त्याची धरायची जागा सरकते, म्हणून हे अधूनमधून करावं लागतं. बिल पाच हजारांच्या आत आलं. पुढच्या आठवड्यात वहीत सकाळी १० अंशाला दोन-तीन किलोमीटर झटका होताच. दुपारचा रकाना मात्र रिकामा झाला. सकाळचा तो थोडासा झटका थंडीचाच आहे, हे आता मला माहीत आहे आणि त्याची मला भीती वाटत नाही. मुलानेही ड्रायव्हरचा विषय सोडला.

या सगळ्याची आपल्या समाजासाठी आणखी एक बाजू आहे. दिवाळीनंतर चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. म्हणजे विहाराचा मोसम आणि गाडीच्या झटक्यांचा मोसम एकच. आपले मुनी, आर्यिका सूर्योदयानंतर, चार हात जमीन पाहत चालतात. जानेवारीत नांदेडला सूर्य पावणेसातनंतर उगवतो, रस्त्यावर धुकं असतं, ट्रक-ट्रॅक्टर उसाने भरलेले असतात. विहारात अपघात झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. चौक्याचं सामान घेऊन आपल्यापैकी अनेक जणी गाडी काढतात आणि भक्तीने संघाच्या अगदी मागे मागे पावलाच्या गतीने चालवतात. एएमटी गाडीने असं करू नका. पावलाच्या गतीने चालताना तिचा क्लच अर्धवट धरलेला राहतो, तापतो, झिजतो, आणि मग गाडी एकदम पुढे उडी घेते. समोर अनवाणी चालणारे असताना ती एक उडीसुद्धा नको. मी आता संघाला ओलांडून किलोमीटरभर पुढे जाते, रस्त्याच्या कडेला पूर्ण खाली उतरवून गाडी बंद करते आणि वाट पाहते. संघ जवळ आला की पुन्हा पुढे. मागच्या बाजूचं राखण दिवे लावलेल्या मोठ्या गाडीने आणि चमकणारं जॅकेट घातलेल्या तरुण मुलांनी करावं.

माझा थंडीतल्या सकाळचा क्रम असा आहे.

गाडीला हात लावण्याआधी खाली वाकून बघते आणि बोनेटवर दोन थापा मारते. उबेसाठी मांजर किंवा कुत्र्याची पिल्लं चाकापाशी, कधी इंजिनापाशी बसलेली असतात.

चालकाचं दार उघडल्यावर पंपाचा आवाज थांबेपर्यंत चावी फिरवत नाही. तेवढ्यात एक णमोकार होतो.

गाडी सुरू करून आरपीएमचा काटा खाली येईपर्यंत थांबते, फार तर मिनिटभर. दहा-दहा मिनिटं उभी गाडी चालू ठेवण्यात काही हशील नाही. त्याने इंजिन तापतं, गिअरबॉक्स मात्र चालल्यावरच तापतो. पेट्रोल जळतं, धूर होतो, हाती काही लागत नाही. आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात तो हाच.

ब्रेक पूर्ण दाबूनच कांडी हलवते. पुढचे चार-पाच किलोमीटर ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवते. एएमटीत गिअर बदलताना पाय किंचित उचलला की झटका जवळजवळ नाहीसा होतो. कांडीला मॅन्युअलची सोय असेल तर सुरुवातीला तीही वापरता येते.

तेलाची तपासणी दिवाळीच्या साफसफाईबरोबर करून घेते. भावाच्या गाडीसारख्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत नवं तेल बहुधा लाल असतं. ते तपकिरी, काळपट झालं असेल किंवा जळका वास येत असेल, तर पुढच्या थंडीची वाट बघू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तेल बघायची काडीच नसते, तिथे मेकॅनिककडूनच पातळी तपासून घ्यावी लागते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तीही तपासून घ्या, कारण ॲक्च्युएटरचा पंप विजेवरच चालतो.

आणि गाडी तापल्यावरही झटका राहिला, गिअर घसरल्यासारखा वाटला, किंवा डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला, तर गाडी लांबच्या रस्त्यावर नेऊ नका. त्या दिवशी आईला फोन करावा, भेट पुढच्या आठवड्यात होते.

ज्या तिघींनी विचारलं होतं, त्यांना मी कोरी पानं आखून दिली आहेत. तुम्हाला हवं असेल तर घरीच आखा, सहा रकाने आणि शेवटचा 'दुपारी आहे का?'. पंधरा दिवस भरा आणि मगच गॅरेजला जा. तिथे बोलणं ह्यांच्याशी सुरू झालं, तर वही पुढे करा आणि म्हणा, "नोंदी माझ्या आहेत, मला सांगा."

जय जिनेंद्र.